हत्तीचे पाय

हत्तीचे चारही पाय बर्फाच्या बाहेर आणि बाकी सगळा हत्ती आत... शेजारच्या वाडग्यात जिराफाची नुसती मान, त्याच्यापुढे मगरीची अर्धी शेपटी. मोठ्या बाईंना हसू फुटलं, ते त्यांनी खोकल्यात लपवलं. फसलं! काल संध्याकाळी बालवाडीच्या फ्रीजपाशी उभी राहून नवी ताई वाडग्यांत खेळण्यातले प्राणी टाकत होती, वरून काठोकाठ पाणी ओतत होती, तेव्हाच त्यांना कळलं होतं की हे पोकळ प्लास्टिक तरंगणार. आधी अर्धा वाडगा गोठवायचा, मग त्यावर प्राणी ठेवायचा, मग उरलेलं पाणी. एवढं सांगायला काय लागत होतं? पण तोंडात मिठाची गुळणी धरून त्या खडू गोळा करत राहिल्या. तिनं विचारलं का? नाही ना? मग झालं तर.

गुंडी त्यांच्या मांडीवर होतीच. वर्ग सुरू झाल्यापासून ती तिथंच. शिवल्यासारखी चिकटून बसते म्हणून गुंडी. पाणी दिसलं की हात काखेत, वाळू दिसली की हात काखेत, ओल्या मातीचं तर नावच काढायला नको. पालकांच्या दर बैठकीत बाई सगळ्यांसमोर सुस्कारा टाकायच्या, "काय करू हो, उतरतच नाही. गुडघे बोलायला लागलेत माझे!" की कुणीतरी हमखास म्हणायचं, "तुमचाच लळा आहे तिला, बाई." ते ऐकायला मिळावं म्हणूनच तर तो सुस्कारा – छे, भलतंच! गुडघे खरंच दुखतात.

"अगंबाई, हे काय झालं?" नवी ताई कपाळावर हात मारून स्वतःलाच हसली. "माझा हत्ती उताणा पडला रे! आता याला बाहेर कोण काढणार?"

झालं. तिनं वाडगे टबात मांडले आणि सगळी पलटण टबाभोवती. कुणी मगानं कोमट पाणी ओततंय, कुणी मीठ भुरभुरतंय, बर्फ तडतडला की एकच ओरडा. ही पोरगी चुकली तरी तिचं कौतुकच! नखरा नाही, घाम नाही, ओशाळणं नाही... आपण एवढ्या वर्षांत मुलांसमोर असं कधी चुकलो का? चुकूच दिलं नाही आपण स्वतःला.

गुंडीची मान वळली. बाईंनी तिच्या पोटाभोवतीचा हात जरा आवळला.

"गार असतं हं ते, बाळा. फार गार."

आता हे बोलायचं काही कारण होतं?

काखेतून एक हात निघाला. मग दुसरा. मग गुंडी मांडीवरून घसरली, टबाशी गेली आणि तिनं हत्तीचा पाय धरला. बर्फाला हात लागत नव्हता, फक्त तो कोरडा, राखाडी पाय मुठीत. पाय बाहेर होता म्हणूनच ना! तिनं ओढला, हलवला, आणि मग दुसऱ्या हाताचा तळवा थेट बर्फावर टेकवला.

"गाऽऽर!" गुंडी किंचाळली आणि खदखदून हसली.

बाईंना ते हसू टोचलं. मत्सर, दुसरं काय! स्वतःच्या मुलीचं पहिलं पाऊलही असंच शेजारणीच्या घरात पडलं होतं... आपण इथं दुसऱ्यांची पोरं सांभाळत होतो, आणि संध्याकाळी दारातच ती शेजारीण केवढ्या आनंदानं सांगत होती मेली! तेव्हाही हसावंच लागलं होतं. आताही त्या हसल्या, टाळ्यासुद्धा वाजवल्या. मांडीवरचा उबदार भाग हळूहळू निवत होता.

दुपारी गुंडीची आई न्यायला आली. ओल्या बाह्या बघून तिचे डोळेच भरून आले.

"सगळं बाईंचं आहे हो," नवी ताई म्हणाली. "वर्षभर यांनी धीर दिला, म्हणून आज उतरली."

आणि ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. वैरिणीसारखी वागली असती, तर निदान मनातल्या मनात चार शिव्या तरी घालता आल्या असत्या.

सगळी गेल्यावर फरशी पुसता पुसता नवी ताई म्हणाली, "बाई, उद्या परत करू या हे. पण प्राणी पूर्ण आत कसे ठेवायचे? मला नाही जमलं. सांगा ना."

बाईंचा हात फडक्यावरच थांबला. प्राणी पूर्ण आत म्हणजे धरायला पाय नाही, मान नाही. नुसता गुळगुळीत, गार गोळा. गुंडी बघेल, हात काखेत घालील, वळेल... आणि उत्तर तर अगदी बरोबर होतं. कुणाची काय टाप होती नावं ठेवायची!

"अगं, सोप्पं आहे," त्या म्हणाल्या. "आधी अर्धंच पाणी गोठवायचं. थांब, मीच लावून देते. दमलीस तू."

"किती करता हो तुम्ही!"

आपला आवाज बाईंना ऐकू आला. इतक्या मायेनं त्या गुंडीशीसुद्धा कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी वाडगा नळाखाली धरला. पाणी अर्ध्यावर आलं, तरी नळ बंद करायला हात उठेना. काठोकाठ भरलं तर प्राणी परत तरंगणार, पाय बाहेर... आपण विसरलोय की मुद्दाम थांबलोय, हेही त्यांना कळेना. पाठीमागं ती पोरगी गुणगुणत फरशी पुसत होती, आणि बाईंना तिच्याकडे वळून बघायची लाज वाटत होती.