ओलं दार

"सुकलं का रे?" मालकाने लांबूनच विचारलं.

"सुकलं, साहेब," आमचा होयबा म्हणाला. मीटर अजून त्याच्या खिशातच होतं!

हा माझा सख्खा साडू. सांगायलाही लाज वाटते. लाकूड सुकवायच्या भट्टीत फळ्यांची ओल मोजायची, एवढंच याचं काम, तेही धड नाही. मीटरच्या सुया फळीच्या मधोमध खोल ठोकायच्या, तर हा पठ्ठ्या टोकाला टोचतो. टोक आधी सुकतं हे त्याला चांगलं ठाऊक, म्हणून तर टोचतो. ओल बारा टक्के दिसली की मालक खूश. मालक खूश की हा खूश. जन्मभर दुसरं काही केलं नाही याने.

पण त्या खेपेत त्याच्या मुलीच्या दाराच्या फळ्या होत्या. पोरगी नवऱ्याच्या माराला कंटाळून तान्ह्या बाळासकट एका खोलीत राहायला आली होती. तो पिऊन तिथेही यायचा. जुनं दार त्याने लाथा घालून मोडलं होतं. मी सुतार, म्हणून पोरगी मला म्हणाली, "काका, कडी नीट बसेल असं दार करून द्या. बाकी काही नको मला."

"अहो साडूभाऊ, निदान आज तरी मधोमध मोजा!" मी म्हटलं.

त्याने मोजलं. वीस. म्हणजे आतून अजून ओलंच!

"आता जा आणि सांगा, अजून आठवडाभर भट्टीत राहू दे."

गेला. केबिनच्या काचेतून मी बघत होतो. मालक फोनवर होता, त्याने नुसती मान वर केली. झालं! शेळपटाने हात जोडले आणि, "माल भरायला गाडी लावू ना, साहेब?" एवढंच विचारून परत आला.

त्याच फळ्या माझ्याकडे आल्या. पोरगी उघड्या खोलीत किती दिवस झोपणार? शिव्या घालतच मी दार केलं.

महिन्याभरात दाराने पीळ घेतला. कडी भोकात जाईना. मी रंधा घेऊन गेलो, होयबाही तिथेच होता, आणि नेमका जावई आला. होयबाने दार ढकललं आणि त्याला पाठ लावून खालीच बसला. मी वरून खांदा लावला. बाहेरून लाथा सुरू झाल्या. पोरगी बाळाला घेऊन कोपऱ्यात सरकली.

"ओ सासरेबुवा, दार सोडा!"

"हो, हो, जावईबापू, सोडतो," होयबा म्हणाला, आणि टाचा फरशीवर घट्ट रोवून तिथेच बसून राहिला.