पुसली गेलेली चांदी

मी एक जुनी पारदर्शक पट्टी आहे. जुनी म्हणजे अवघी दीड वर्षाची. पण मित्रांनो, माझ्यावर जे गुदरलं त्याने मी तेव्हाच म्हातारी झाले.

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत संशोधक गीतांजलीने मला घडवलं. तिला वाकवता येईल असा प्लास्टिकचा सौर घट करायचा होता. त्याचा वरचा थर असा लागतो की त्यातून ऊन आत जाईल आणि तो वीजही वाहून नेईल. एरवी त्यासाठी इंडियम नावाच्या महागड्या धातूच्या संयुगाचा लेप देतात, पण तो वाकवला की तडकतो. म्हणून तिने केसाहून कितीतरी बारीक चांदीच्या तारा द्रवात कालवल्या आणि माझ्या अंगावर पसरल्या. सात महिने तिच्या पट्ट्या फसत होत्या. माझ्यावर मीटर टेकवलं आणि वीज वाहते असं सांगत ते वाजलं, तेव्हा ती टेबलापाशीच नाचली. दसरा झाला की माझ्यावर तिचा पहिला सौर घट चढणार होता.

खंडेनवमीला परिचर खुशालराव यंत्रांची पूजा करत होते. मलाही त्यांनी मानाने पाटावर ठेवलं आणि ओल्या बोटाने कुंकू लावलं. मग डाग पाहून घाबरले आणि ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसलं. मी हादरलेच. माझी सगळी चांदी फडक्याबरोबर गेली, पण त्या तारा डोळ्यांना मुळी दिसतच नव्हत्या, म्हणून दिसायला मी होते तशीच लख्ख. खुशालरावांनी सुटकेचा श्वास सोडला आणि मला डबीत ठेवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गीतांजलीने मीटर टेकवलं. आवाज नाही. पुन्हा टेकवलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"दोन दिवसांत मरते, म्हणजे माह्या द्रवातच खोट हाय," ती पुटपुटली. तिने वहीतल्या कृतीवर काट मारली आणि बाटलीतला उरलेला सगळा द्रव टाकाऊ डब्यात ओतला. मला ओरडता येत नव्हतं. खुशालराव दारात उभे होते.

"मॅडम, थांबा. म्या पुसलं तिले. कुंकू लागलं होतं."

"काका, मले परवाच काहून नाही सांगतलं?"

"पट्टी त साफ दिसत होती. मले वाटलं, काई झालं नाही."

गीतांजलीने वही ओढली आणि काट मारलेली कृती नव्या पानावर उतरवायला घेतली. खुशालराव शेजारी बसून एकेक आकडा वाचून देत होते.

मित्रांनो, नाजूक वस्तूला हात लावण्याआधी विचारा. आणि हातून काही घडलंच, तर त्याच दिवशी सांगा. त्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी एकटीच गेले असते. बाटली वाचली असती.