देवी आलेल्या दगडाची कैफियत

मी एक जुना, काळा, अंगभर भोकं असलेला दगड आहे. किती जुना ते विचारू नका, मित्रांनो. सांगितलं तरी तुमचा विश्वास बसायचा नाही. माझाही तुमच्यावर नाही. जवळ येणारा प्रत्येक जण मला फोडायलाच येतो, अशी माझी पक्की समजूत आहे, आणि बहुतेक वेळा ती खरी ठरली आहे.

माझा जन्म आगीतला. माणूस नावाचं प्रकरण पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधी इथली जमीन फाटली आणि ज्वालामुखीचा रस उकळत्या काकवीसारखा पसरला. एक थर निवला की त्यावर दुसरा. मी पडलो थराच्या वरच्या अंगाला. वाफेचे बुडबुडे माझ्या अंगात अडकले आणि तिथं भोकं राहिली. मग वरून नवा थर आला आणि मी गाडला गेलो.

भावंडांचं मात्र नशीब उघडलं. काहींची ऊन-पावसात झिजून काळी माती झाली. कृष्णाकाठी त्याच मातीत ऊस आणि हळद पिकते, आणि सांगलीच्या पेठेत गुळाची ढेप लोक वाखाणतात. ही ज्वालामुखीची कृपा, असं कुणी म्हणतं का? छे! घट्ट अंगाच्या भावंडांची जाती झाली, पाटे झाले, देवळाच्या पायऱ्या झाल्या. मला कुणी विचारलं नाही.

मला वर काढलं ते त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, मोठ्या दुष्काळात. माण तालुक्यातल्या एका माळावर बिराप्पा धनगर विहीर खोदत होता. त्याची बायको सुलाबाई दगडाच्या पाट्या वर ओढायची आणि दगडफोड्या गुंडा पहार चालवायचा. तीस हात कातळ फोडला, पण पाण्याचा टिपूस नाही. बिराप्पाची अकराच मेंढरं उरली होती. दुसऱ्या दिवशी बाजार होता. तोवर पाणी लागलं नाही तर मेंढरं खाटकाला द्यायची आणि बिराप्पानं मुंबईला हमालीला जायचं, असं ठरलं होतं.

त्या दुपारी गुंडाची पहार माझ्या कुशीत शिरली. मी पाटीतून वर आलो, मागोमाग गुंडा आणि बिराप्पाही. काठावर बिराप्पाची आई रंगुबाई बसली होती. मला बघून ती किंचाळलीच.

"आगं बया! ह्या दगडाला देवी आलीया! हात लावू नगंस रं बिराप्पा!"

तिचा थोरला मुलगा देवीच्या साथीत गेला होता. त्याच्या तोंडावरचे वण तिला माझ्या अंगावर दिसले. तिनं माझ्यावर हळद टाकली, लिंबाचा पाला झाकला आणि हुकूम सोडला, "हीर बुजवा."

बिराप्पानं गुंडाकडं रोखून बघितलं. "ही जागा तूच दावलीस. तुला ठावं हुतं व्हय रं?"

"मी दगूड फोडतो गड्या, जलमाला घालत न्हाई," म्हणून गुंडानं पहार टाकली आणि तो लांब जाऊन बसला. रंगुबाई सुनेकडं वळली. "तूच देवीचा निवद चुकवला असशील." कुणाचा कुणावर भरवसा उरला नाही. मी तर कधी ठेवलाच नव्हता. आज हळद टाकणारा उद्या घण घालतो, हे मला ठाऊक.

तेवढ्यात एक लंगडी मेंढी खुरडत आली. पाला खाईल असं मला वाटलं, पण तिनं पाला नाकानं बाजूला सारला आणि ती मलाच चाटू लागली.

"हाकला तिला! मेंढरास्नीबी देवी यील!" रंगुबाईनं काठी उगारली.

सुलाबाईनं काठी वरच्यावर धरली. "आवं आत्याबाई, थांबा की. उपाशी मेंढरू पाला सोडून दगूड का चाटतंय?"

ती माझ्याकडं आली. झालं, आता ही घण घालणार, असं मी म्हटलं. तिनं माझ्या भोकात बोट घातलं. बोट ओलं निघालं. तिनं ते जिभेला लावलं, पुन्हा भिजवलं आणि सासूच्या ओठांवर ठेवलं.

"चाखा. ग्वाड पाणी हाय."

रंगुबाईच्या डोळ्यांना धार लागली. "उतर रं बिराप्पा," एवढंच ती म्हणाली.

बिराप्पानं पहार उचलून गुंडापुढं धरली. "चुकलो गड्या."

"बोलत बसू नगंस, पाटी सोड," गुंडा म्हणाला.

आणखी दोन हात खोदलं आणि माझी भोकाभोकांची भावंडं पाझरू लागली. किती पावसाळ्यांचं पाणी त्यांनी पोटात धरून ठेवलं होतं! वरचा कातळ म्हणजे नुसतं झाकण होतं. सकाळी विहिरीत गुडघाभर पाणी होतं. मेंढरं बाजारात गेली नाहीत आणि बिराप्पाही मुंबईला गेला नाही.

त्याला आता सहा वर्षं झाली. मी विहिरीच्या काठावर असतो. विहिरीवर इंजिन बसलं आहे, आणि येणारे-जाणारे उसाचा चोथा, चिंध्या खुशाल पाण्यात टाकतात. मित्रांनो, आमच्या पोटातलं पाणी फार हळू साठतं. ते घाण करू नका. आणि संशय जरूर घ्या, मीही घेतो. पण घेतलात की सुलाबाईसारखं आधी बोट घालून बघा.

आता गप्प बसतो. रंगुबाई येते आहे. ती रोज सकाळी येते आणि माझ्या भोकांवरून बोटं फिरवत राहते. ती कुणाचा चेहरा चाचपते ते मला ठाऊक आहे. तेवढ्या एका हाताचा मला संशय येत नाही.