बोर्डाच्या खणातली बिनआधाराची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खण आहे, आणि माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. माझे सगळे आयुष्य शब्दकोशाच्या कचेरीत गेले. तिथे कोणी काहीही सांगितले, तरी आधी त्याचा पुरावा मागतात.

सुताराने मला सागाच्या उरलेल्या फळ्यांतून बनवले. उंच कपाटात आम्ही साठ खण होतो. इतरांत चाळीस-पन्नास शब्द दाटीवाटीने राहायचे. मला मात्र एकच इंग्रजी शब्द मिळाला, 'बोर्ड'. भिंतीवरची पाटी म्हणजे बोर्ड, त्यात काय एवढे, असे मलाही वाटले होते. पण त्याच्या अर्थांच्या चिठ्ठ्या येत गेल्या आणि माझे डोळे उघडले. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे साधी फळी. फळीचे झाले टेबल. टेबलावर जेवण आले, म्हणून जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय ती बोर्डिंग. त्याच टेबलाभोवती माणसे सल्लामसलतीला बसू लागली, तर त्या माणसांनाच बोर्ड म्हणू लागले, आणि ते आजही तुमची परीक्षा घेते. जहाजाची कडसुद्धा बोर्डच. ती ओलांडून आत जाणे हेही त्याच शब्दात आले, आणि आता विमानात चढायलाही बोर्डिंग पास लागतो. एका फळीचा केवढा हा गोतावळा.

आमच्याकडचा नियम कडक होता. चिठ्ठीवर अर्थ लिहायचा, त्याखाली 'कुठे वाचले' ते लिहायचे, आणि ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचले त्याची सही हवी. हा नियम संपादकांनी घातला होता. सगळे त्यांना काका म्हणत. आधाराची ओळ रिकामी दिसली की काका चिठ्ठी केराच्या टोपलीत टाकत. काकू त्यांच्या समोरच्याच टेबलावर काम करत. त्यांच्याही चिठ्ठ्या टोपलीत जाताना मी पाहिल्या आहेत, आणि त्यावरून दोघांचे रुसवेफुगवेही. पाहुणे आले की काका मला ओढून दाखवत आणि हा आमचा सगळ्यात श्रीमंत खण, असे सांगत. मी फुगून जायचो.

पुढे काकू गेल्या. मग संगणक आले, चिठ्ठ्या येईनाशा झाल्या आणि माझ्यावर धूळ साचली.

कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी एक निवृत्त शिक्षिका कामाला आल्या. त्यांना सगळे बाई म्हणत. त्या पहिल्याच दिवशी माझ्या मनातून उतरल्या. त्यांनी माझ्या चौऱ्याण्णव चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि सर्वांत मागची हातात धरून बसून राहिल्या. ती काकूंच्या हातची होती. पूर्वी म्हणे पंच नदीवर टाकलेल्या फळीवर उभे राहून निवाडा करत. एक जरी खोटे बोलला तरी त्याचे पाय लटपटत, फळी हले आणि सगळेच पाण्यात पडत. म्हणून पंचांच्या मंडळाला बोर्ड म्हणतात, असे त्यात लिहिले होते. आधाराची ओळ कोरी होती. तरीही काकांनी ती ठेवली होती, आणि वर बाईंना बजावले होते की या खणातले काहीही गाळायचे नाही.

बाईंनी ती चिठ्ठी वहीत उतरवून घेतली. त्यानंतर रोज दुपारी त्या पिशवी घेऊन कुठेतरी जात, दमून परतत आणि पुन्हा तीच चिठ्ठी काढून बघत. माझ्या मनात पाल चुकचुकली. ही बाई प्रकाशकांचे कान भरणार आणि काकांचे इतक्या वर्षांचे नाव धुळीला मिळवणार, अशी माझी खात्रीच झाली. एकदा मी हट्टाने अडून बसलो. त्यांनी माझ्या कडांना मेणबत्ती घासली, आणि मला मुकाट्याने बाहेर यावे लागले.

पाने छापायला जायची त्या सकाळी बाई काकांसमोर उभ्या राहिल्या. आता घाव बसणार, म्हणून मी जीव मुठीत धरला.

"काका, ही चिठ्ठी राहावी म्हणून मी तीन ग्रंथालयं पालथी घातली," बाई म्हणाल्या. "सव्वीस पुस्तकं बघितली. कुठेच आधार नाही हो."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

काकांनी ती चिठ्ठी हातात घेतली. मग म्हणाले, "मिळणारच नाही. दवाखान्यात पडल्यापडल्या रचली तिने. म्हणाली, बघतेच, ही कशी टोपलीत टाकता ते."

कोण तपासायला बसलंय, राहू द्या, असे बाईंनी हळूच सुचवले. काकांनी मान हलवली. सगळ्या कोशावर माणसे डोळे झाकून विश्वास ठेवतात, त्यात हे जाऊ देता येणार नाही, असे ते म्हणाले. त्यांनी पेन मागितले आणि त्या कोऱ्या ओळीवर लिहिले, 'कुठेही नाही. बायकोने सांगितले.' खाली सही केली. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात ठेवून त्यांनी बाईंना पाने पाठवून द्यायला सांगितले.

मित्रांनो, संशय जरूर घ्या, पण बाईंसारखी वणवण करून त्याची शहानिशा करा. माझ्यासारखे बसल्या जागी कोणाला चोर ठरवू नका. आणि तुमच्या घरच्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट कुठल्याच पुस्तकात सापडली नाही, तर ती जपून ठेवा आणि खाली सांगणाऱ्याचे नाव लिहा. ती खरी आहे, असे मात्र कोणाला सांगू नका.