मेणाचा डबा

मी भिंगारचा पत्रेवाला, गनीभाई. उभी हयात डबे अन् बादल्या कथलानं झाळण्यात गेली. माझा सांधा कधी सुटला नाही. गर्व उतरवला तो मेणानं.

चुलीच्या धुरानं चांदबीचा, माझ्या बायकोचा, दमा बळावला होता. म्हणून चौऱ्याण्णव साली मी तिला गच्चीवर काचेच्या झाकणाची सूर्यचूल करून दिली. पण ऊन कललं की जेवण गार. कॉलेजातले महेंद्र सर म्हणाले, "दोन भिंतींचा डबा करा, मधे मेण भरा. वितळताना ते उष्णता पोटात घेतं, घट्ट होताना परत देतं."

मी काठोकाठ भरलं. डबा अर्धवट भरायचा म्हणजे आम्हाला लाज वाटते. वितळलेलं मेण फुगलं, सांधा फुटला अन् सगळं खिचडीत.

"आता वात तेवढी लावा," चांदबी म्हणाली, "उजेडात तरी जेवीन."

दुसऱ्या डब्यात चार बोटं जागा सोडली. सकाळी तिनं त्यात खिचडीचे डाळ-तांदूळ टाकून डबा सूर्यचुलीत ठेवला. "दिवेलागणीपर्यंत गरम राहिली न्हाई, तर मी चूल पेटवनार," असं बजावून खाली उतरली. दुपारी तिला दम लागला. रिक्षा येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आमची एकुलती एक अफ्रीन बेलापूरला दिलेली. तिथल्या किराणा दुकानात फोन केला. ती निघाली, पण एसटी वाटेत बंद पडली. शेजारचा छगन म्हणाला, "तासभर थांबू, गनीभाई." मयत ताटकळत ठेवू नये म्हणून मीच नको म्हणालो. माती देऊन दिवेलागणीला परतलो, तर पोरगी दारात उभी.

"अब्बा, तोंड तरी बघू द्यायचं हुतं!"

ती घाई मला अजून खाते.

मयताच्या घरी आमच्यात तीन दिवस चूल पेटत नाही. छगनच्या रतनबाईनं पिठलं-भाकरी आणून दिली. अफ्रीननं हात लावला नाही. तेव्हा मला गच्ची आठवली.

डब्याला हात लावला, तर चटका बसला. चांदबी, राहिली गं गरम! मी तिथंच रडलो. मग फडक्यात धरून डबा खाली आणला.

"तुझ्या अम्मीनं सकाळी टाकलेली खिचडी हाय."

अफ्रीननं फडक्यासकट डबा मांडीवर घेतला, पोटाशी धरला. मी ताटली आणली, झाकणाला हात घातला.

"उघडू नका, अब्बा. गार हुईल."

मेण घट्ट झालं की न उघडताही डबा गार होणार, ते मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.