सेन्नोजोची हनुवटी

आमच्या एदो शहरात स्त्रीपार्ट करणाऱ्या नटांमध्ये सेन्नोजोचा तोरा सगळ्यात मोठा. वय बावन्न आणि पार्ट सोळा वर्षांच्या पोरीचा. त्या पार्टातलं त्याचं चित्र चित्रकाराने काढलं आणि छापण्यासाठी मी लाकडावर कोरलं. पहिला छाप बघितला आणि तो थेट माझ्या कामाच्या जागी चालून आला.

"ही लोंबती हनुवटी कोणाची?" त्याने छाप माझ्या तोंडासमोर नाचवला. "चित्रकार असलं काढणार नाही. तूच वाट लावलीस. मूळ चित्र दाखव."

"मूळ चित्र लाकडावर चिकटवूनच कोरतात. ते भुशाबरोबर केरात गेलं. इतकी वर्षं चित्रं काढून घेताय, एवढंही ठाऊक नाही?"

"हा मी नाहीच. माझी आई आली तरी ओळखणार नाही."

"मग सोपंय," मी पटाशी उचलली. "लोक नटाला बाहीवरच्या चिन्हावरून ओळखतात. तुमचं चिन्ह काढून टाकतो आणि तिथे ओतोमात्सुचं बसवतो. लाकडाचा तेवढाच तुकडा बदलायचाय, दुपारपर्यंत होईल."

ओतोमात्सु म्हणजे समोरच्या नाटकगृहातला पंचविशीचा स्त्रीपार्टी. त्याचं नाव ऐकलं आणि सेन्नोजो छापाकडे बघतच राहिला.

"हनुवटी राहू दे," शेवटी तो म्हणाला आणि दार फाडकन सरकवून निघून गेला.

चित्रकाराने हनुवट्या दोन काढल्या होत्या. म्हाताऱ्याची कीव येऊन त्यातली एक मीच गाळली. पुढच्या वेळी दोन्ही कोरीन.