गरम पत्र्यातली कोंबडी

चितेगावच्या अलीकडे लोहनाथ महाराजांचा मठ होता, आणि दर गुरुवारी तिथे मेलेली माणसं येऊन पत्रे कापून जायची. जवळच्याच कारखान्यांत जिवंत माणसं तेच काम पगारावर करतात, याचं कुणाला काही वाटत नव्हतं. पैठण रस्त्यावर गाड्यांची रांग लागायची. मोटारीतून उतरणारे सुशिक्षित लोक चपला काढण्यात सगळ्यांत पुढे असायचे.

नातेवाइकाने कोरा लोखंडी पत्रा आणायचा. रंगवलेला चालत नसे. एक कोपरा तरी घासून चकचकीत केलेला हवा. लाकूड, काच, कागद यांवर आत्मे बोलत नसत. सेवक सोमनाथ विचारायचा, "गेलेल्या मानसाला काय आवडायचं?" मग पत्रा मागच्या बंद खोलीत जायचा. तिला गाभारा म्हणत. आरती सुरू व्हायची, भोंगे एवढे मोठे की शेजारच्याशी बोलता येऊ नये. आरती संपली की पत्रा बाहेर यायचा. मधोमध आकार कापलेला, हाताला गरम.

"हात लावून बघा, माय," महाराज म्हणायचे. "ही ऊब इस्तवाची न्हाई, तुमच्या मानसाची हाय. वरतून वीज येती, निरोप देती अन् जाती."

माझ्या आईनेही हात लावला होता. बाबांना पक्षी आवडायचे, असं तिनेच सोमनाथला सांगितलं होतं. पत्र्यात पक्षी निघाला. मला ती कोंबडी दिसली. आईला खंड्या दिसला.

माझे बाबा, व्यंकटराव, कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा लोकांना वाटलं आता ते गीता वाचतील. त्यांनी प्लाझ्मा कटर आणला, वीज आणि हवेच्या झोताने लोखंड कापणारं यंत्र. सिडकोतल्या घरामागच्या शेडमध्ये गडद चष्मा लावून ते पत्र्यांतून खंड्या कापायचे. लांब चोच, आखूड शेपूट. गल्लीतल्या निम्म्या फाटकांवर ते पक्षी अजून बसलेले आहेत. बाबा गेले त्याला वर्षही झालेलं नाही.

महाराजांनी आईला आणखी एक निरोप दिला. "मालक वाट बघायलेत. तुमी गोळ्या खाऊन हितंच अडकून बसलात."

आईच्या हृदयात स्टेंट आहे. एक दिवसही गोळी चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तिने गोळ्या बंद केल्या.

"आई, गोळी घे."

"ह्यांनी बोलावलंय, मृण्मयी. तू फार वाचतेस, म्हणून तुला सगळं खोटं वाटतं."

मी पत्रा उलटा करून पाहिला. खालच्या बाजूला कापताना वितळून थिजलेल्या लोखंडाचे मणी होते. घासलेल्या कोपऱ्यावर चिमट्याच्या दातांचे ठसे होते. ते ठसे माझ्या ओळखीचे होते. वीज कटरच्या टॉर्चमधून, म्हणजे हातात धरायच्या नळीतून, पत्र्यात जाते, तिला यंत्राकडे परतायला वाट लागते. म्हणून बाबा पत्र्याचा कोपरा घासून तिथे अर्थिंगचा चिमटा लावायचे. रंगावर लावला तर चिमटा निव्वळ शोभेचा. मठाचा पवित्र नियम तो एवढाच.

पुढच्या गुरुवारी आईबरोबर मीही गेले. दोन्ही बाजूंनी ऑइलपेंट मारलेला पत्रा घेऊन.

"ताई, रंग खरवडून आना," सोमनाथ म्हणाला. "आत्म्याला अडथळा होतो."

"लोखंड कापणाऱ्याला रंग अडवतो?" मी पिशवीतून उडदाचा पापड काढला. "मग ह्यावर निरोप देऊ दे."

"पापड त सोपा हाय की," मागून आवाज आला. फुलंब्रीच्या साळूबाई रांगेत होत्या. "आमच्या मालकाला काय आवडायचं म्हनून इचारलं ह्यानं. म्या म्हनलं, भांडायला लई आवडायचं. तर म्हनतो, बैल काढू का?"

लोक हसले. महाराज हसले नाहीत. "शंका घेनाराचं तळपट होतं," ते म्हणाले, आणि आरती लावायला सांगितली.

सोमनाथ साळूबाईंचा पत्रा घेऊन आत गेला. भोंगे दणाणले. मी मंडपाच्या कडेला गेले आणि ॲम्प्लिफायरचा प्लग ओढला.

आरती थांबली. भिंतीपलीकडे कॉम्प्रेसर धडधडत होता. मग हवेचा लांब फूत्कार, आणि दाराखालच्या फटीतून निळा उजेड.

"लाइनीत बिघाड हाय," महाराज म्हणाले.

"आत्मा लईच आवाज करायलाय," म्हणत साळूबाईंनी दार ढकललं.

आत सोमनाथ गडद चष्मा लावून वाकला होता. हातात टॉर्च, पत्र्याच्या कोपऱ्याला चिमटा, आणि पत्र्यात अर्धा बैल.

"आरं सोमनाथ," साळूबाई म्हणाल्या, "तू कवा मेलास?"

एवढ्यावर सगळं मिटलं, असं नाही. यंत्र हेही महाराजांचंच रूप, असं सांगणारे तिथल्या तिथे निघाले. त्यांच्यातला एक इंजिनिअर होता. महाराज मात्र मागच्या वाटेने निघून गेले, वीज होऊन नाही, पायी.

घरी आल्यावर आई शेडमध्ये जाऊन बसली, मांडीवर तो पत्रा. तिच्या बोटाला पट्टी होती. का, ते मी इतके दिवस विचारलंच नव्हतं.

"ह्याच्या कडेने कापलं," ती म्हणाली. "ह्यांनी कधी कड घासल्याशिवाय पत्रा कुणाच्या हातात दिला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

थोड्या वेळाने तिने पाणी मागितलं. गोळी घेतली. मग बाबांची कानस मागितली आणि कोंबडीची कड घासायला बसली.

गेलेल्या माणसाचा निरोप यावा असं मलाही वाटतं. रोज वाटतं. म्हणूनच सांगते: चमत्काराचे नियम कुणाच्या सोयीचे आहेत, ते विचारा. कोपरा का घासायचा, भोंगे इतके मोठे का, दार बंद का. घरच्या माणसाच्या औषधाला कुणी हात घातला, तर आरती संपायची वाट पाहू नका. दार ढकला.